प्रीमियर पद्मिनीचे इंजिन खोलत आहे : आतला दोष नेमका कुठे आहे, हे कसे ओळखावे?

सातारकर_पद्मिनी

नमस्कार मंडळी.

आमच्या घरी वडिलांच्या काळापासून १९८६ सालची पेट्रोलवरची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बसवलेले मूळचे १०८९ सीसीचे इंजिनच तिच्यात आजही असून ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी जुळतो. त्यामुळे दुसरे इंजिन आणून टाकण्याचा विचार मनात नाही. हेच इंजिन नीट करायचे आहे. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये ते पूर्ण खोलून बांधले होते. त्या कामाची पावती जपून ठेवली आहे, पण कोणते माप किती निघाले आणि कोणत्या मापाचे सुटे भाग घातले, याची एक ओळही त्या पावतीवर नाही.

सध्याच्या तक्रारी अशा आहेत. इंजिन पूर्ण गरम झाले की आयडलिंगला ऑइलचा दिवा मिणमिणतो आणि रेस वाढवली की विझतो. सपाट रस्त्यावर ताशी पन्नासच्या आसपास पाय थोडा सैल सोडला की खालून जड टकटक ऐकू येते. थंड इंजिनात ती जवळजवळ नसते. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरताना बराच वेळ पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असतो, आणि खाली आल्यावर पुन्हा पाय दिला की मागे निळ्या धुराचा लोट उठतो. शिवाय रेडिएटरमधले पाणी बाहेर कुठेही गळती दिसत नसताना हळूहळू कमी होते.

इंजिन गाडीतून काढण्यापूर्वी मी कॉम्प्रेशन तपासले. इंजिन गरम होते, चारही प्लग काढलेले होते आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला होता. पहिल्या सिलिंडरला ११८, दुसऱ्याला ८४, तिसऱ्याला ८२ आणि चौथ्याला ११२ पीएसआय दाब मिळाला. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाच्या चमच्याने एक चमचा इंजिन ऑइल सोडून पुन्हा पाहिले, तेव्हा अनुक्रमे १५०, ९०, ८७ आणि १४२ असे आकडे आले. इंजिन चालू असताना एकेका प्लगची वायर अर्थ करून पाहिली. तिसऱ्याची वायर अर्थ केल्यावर टकटक स्पष्टपणे मंदावते, इतर तिघांच्या बाबतीत फारसा फरक पडत नाही.

आमचे मिस्त्री अनुभवी आहेत. त्यांचे म्हणणे असे, की सगळे खोलून रॉकेलमध्ये धुऊन घ्यावे आणि रिंगा, बेअरिंगे व हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉक यांच्या मधले) नवीन घालावे. ते चुकीचे सांगत आहेत असे मी म्हणत नाही. परंतु मागच्या वेळीही नेमके हेच झाले होते, आणि एवढ्या थोड्या वापरात इंजिन पुन्हा या अवस्थेला का आले, हे समजल्याशिवाय तेच काम पुन्हा करण्यात मला अर्थ वाटत नाही. खोलताना कोणत्या क्रमाने काय पाहावे आणि कोणता भाग तपासून होईपर्यंत धुऊ नये, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

उद्यमनगर_कोल्हापूर

नमस्कार दादा. धुण्याची घाई करू नका, हे पहिले सांगणे. इंजिनात काय घडले याचा सगळा पुरावा काजळीत, गाळात आणि बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्यांवरच्या, म्हणजे शेलवरच्या, रंगात असतो, आणि रॉकेलचा डबा तो अर्ध्या तासात पुसून टाकतो. आमच्या शॉपमध्ये ब्लॉक, क्रँक आणि हेड बहुतेक वेळा धुऊन, घासून चकचकीत करूनच आणले जातात. मग माप तेवढे सांगता येते, कारण सांगता येत नाही.

तुमचे आकडे बोलके आहेत, पण ते काळजीपूर्वक वाचले पाहिजेत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर जवळजवळ सारखेच पडलेले असले, की पहिला संशय त्या दोघांमधल्या हेड पॅकिंगवर जातो. या इंजिनात दुसरा आणि तिसरा पिस्टन एकदमच वर येतात. दुसरा कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो तेव्हा तिसरा एक्झॉस्ट संपवून सक्शन सुरू करत असतो, म्हणजे त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडेथोडे उघडे असतात. मधली पट्टी जळली असेल तर दुसऱ्याचा दाब तिसऱ्यात शिरतो आणि त्याच्या उघड्या व्हॉल्व्हमधून निघून जातो; पुढच्या फेरीत हेच उलट्या दिशेने घडते. म्हणून दोघांचेही आकडे सारखे पडतात आणि तेल घालूनही चढत नाहीत.

याच कारणाने हवेचा दाब देऊन गळती तपासणारे पुष्कळदा फसतात. दुसऱ्या सिलिंडरला हवा दिली, की आवाज सायलेन्सरमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये येतो, आणि दुसऱ्याचे व्हॉल्व्ह बसत नाहीत असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात ती हवा तिसऱ्यातून फिरून आलेली असते. शंका आली तर तिसऱ्याच्या प्लगच्या भोकावर तळवा धरून पाहावा, वारा लगेच जाणवतो.

आता पहिला आणि चौथा. तेल घातल्यावर त्यांचे आकडे बरेच चढले, म्हणून रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचे भोक) झिजले आहेत असे म्हणता येते, पण ती सगळी वाढ रिंगांच्या नावावर टाकू नका. ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान २७२ घनसेंटिमीटर होते. कॉम्प्रेशन रेशो साडेसात धरला तर वरची जागा सुमारे ४२ घनसेंटिमीटर भरते. त्यात पाच घनसेंटिमीटर तेल ओतले, की तेलाने नुसती जागा अडवल्यामुळेच रेशो ८.४ च्या जवळ जातो आणि गेज दहा-पंधरा टक्के वर चढतो. तुमच्या पहिल्या सिलिंडरची वाढ सत्तावीस टक्के आहे; तिचा जवळजवळ अर्धा भाग तेलाच्या जागेचा आणि उरलेला झिजेचा समजा. दुसरा आणि तिसरा सिलिंडर तेल घालून चढले नाहीत याचा अर्थ त्यांच्या रिंगा चांगल्या आहेत असाही नाही. तिथे पॅकिंगची गळती इतकी मोठी आहे, की रिंगांबद्दल ही चाचणी काहीच सांगू शकत नाही.

खोलण्याच्या क्रमाबद्दल सांगतो. इंजिन रात्रभर हलवू नका आणि सकाळी चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचा, ड्रेन प्लग अगदी सावकाश सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसलेले असते आणि पहिल्या धारेत बाहेर येते. ती पहिली धार वेगळ्या काचेच्या बरणीत धरा. चेंबरच्या तळचा गाळ पांढऱ्या कापडावर पसरून त्यावर चुंबक फिरवा. चिकटेल ते लोखंड किंवा पोलाद. न चिकटणाऱ्यात तांबूस-पिवळी कणी असेल तर ती बेअरिंगच्या खालच्या थरातली किंवा बुशची असते, आणि हलकी पांढरी चुरी असेल तर ती पिस्टनची.

हेड पूर्ण थंड असतानाच सोडा. कसण्याच्या उलट क्रमाने, कडेकडून मध्याकडे, प्रत्येक नट प्रथम पाव फेराच सैल करत या. प्रत्येक नट सुटायला साधारण किती जोर लागला, हेही लिहून ठेवा. कोणत्या बाजूचा ताण आधीच गेला होता, हे एकदा सगळे सुटल्यावर कधीच कळत नाही.

हेड निघाल्यावर पॅकिंगचे दोन्ही पृष्ठभाग, हेडचा तळ आणि ब्लॉकचा माथा यांचे फोटो काढा. एखाद्या पिस्टनच्या डोक्यावर काजळी नसलेला स्वच्छ भाग दिसला तर तिथे पाणी येत होते असे समजा, कारण वाफेने काजळी धुतली जाते. सरळ पट्टी लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पानांनी) फट पाहा. ब्लॉकलाही पट्टी लावा. हेड सगळेच घासून घेतात, ब्लॉककडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. हेड ज्यांवर कसले जाते त्या स्टडच्या भोकांभोवती आटे वर ओढले जाऊन बारीक उंचवटा तयार झालेला असतो, त्यावर पॅकिंग टेकते आणि दोन स्टडच्या मधोमध ते दाबलेच जात नाही.

तुमच्याकडे बोअर गेज नसेल असे धरून एक सोपी युक्ती देतो. एक जुनी कॉम्प्रेशन रिंग बोअरमध्ये घाला आणि पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा. वरच्या कडेखाली, जिथे रिंग वर येऊन उलटते, तिथे तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. मग तीच रिंग अगदी तळाशी, न झिजलेल्या भागात नेऊन पुन्हा मोजा. दोन्ही फटींच्या फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातली झीज मिळते. लंबगोलपणा यातून कळत नाही, तेवढ्यासाठी गेजच लागतो.

---

निवृत्त_फिटर_पिंपरी

वरील उत्तरात हेड आणि बोअरचा भाग व्यवस्थित आला आहे. माझी नोकरी बेअरिंगांमध्ये गेली, म्हणून मी इंजिनाच्या खालच्या भागाविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

आपण केलेले टकटकीचे वर्णन बिग एंडचे, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकातल्या बेअरिंगचे आहे. पिस्टन बोअरमध्ये आपटत असेल तर तो आवाज थंड इंजिनात जास्त येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो. आपला आवाज त्याच्या उलट वागतो. क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगचा आवाज अधिक खोल असतो आणि चढावर भार पडला की वाढतो. पाय सैल सोडल्यावर येणारी आणि तिसऱ्याची ठिणगी बंद केली की मंदावणारी टकटक तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाकडेच बोट दाखवते. ऑइलचा दिवाही याच्याशी सुसंगत आहे. बेअरिंगमधून होणारी तेलाची गळती साधारणपणे फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की तेल सुमारे आठपट वाहून जाते. एकच बेअरिंग खराब झाले तरी गरम, पातळ झालेल्या तेलाचा दाब टिकत नाही, तो यामुळे. तरीही पंपाचे गिअर आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग तपासल्याशिवाय पंपाला निर्दोष ठरवू नका.

खालचा भाग उघडण्यापूर्वी क्रँक पुढे-मागे ढकलून त्याची हालचाल डायल गेजवर मोजा, कारण एकदा कॅपा (बेअरिंगच्या घराचे खालचे सुटे अर्धे भाग) काढल्या की ते माप गेले. त्यानंतर एकही नट सोडण्याआधी प्रत्येक रॉडवर आणि तिच्या कॅपवर कोरलेले आकडे वाचून लिहून घ्या. आकडे दिसत नसतील तर रंगाच्या पेनने स्वतः घाला. पंच मारू नका. रॉड आणि कॅप एकत्र कसून त्यांचे भोक एकाच वेळी मशीन केलेले असते, त्यामुळे ती जोडी आयुष्यभरासाठी असते आणि कॅपची बाजूही बदलून चालत नाही.

शेल काढताना वरचा, खालचा, पुढची बाजू आणि मागची बाजू अशा खुणा करून ते क्रमाने एका फळीवर मांडा. पोलादी पाठ, तिच्यावर तांबे-शिशाचा थर आणि सर्वांत वर शिसे-कथलाचा अगदी पातळ राखाडी मुलामा, अशी या शेलची नेहमीची रचना असते. राखाडी मुलामा कुठे गेला आणि खालचे तांबूस कुठे उघडे पडले, त्या जागेवरून कारण कळते. रॉडच्या वरच्या शेलच्या मध्यावर तांबूस दिसणे ही सर्वसाधारण झीज समजावी, कारण स्फोटाचा सगळा दाब तिथेच येतो. परिघाच्या दिशेने ओरखडे आणि त्यांत रुतलेले कण असतील तर मागच्या बांधणीच्या वेळी तेलाचे मार्ग साफ झाले नव्हते. वरच्या शेलच्या पुढच्या कडेला आणि खालच्या शेलच्या मागच्या कडेला अशी तिरपी झीज आढळली तर रॉड वाकलेली आहे. अशा वेळी पिस्टनच्या स्कर्टवरही तिरपा पट्टा उमटलेला असतो. शेलचा मुलामा काळपट होऊन सगळीकडे बारीक खड्डे पडले असतील तर तेलात मिसळलेल्या पाण्याने किंवा आम्लाने शिसे खाल्ले आहे, असे समजावे.

शेवटचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण आपले पाणी कमी होते आहे आणि टकटकही येते आहे. पाणी तेलात गेले आणि त्याने बेअरिंग खाल्ले, अशी सरळ साखळी मांडण्याचा मोह इथे होतो. परंतु तेल सगळ्या बेअरिंगांना एकाच पंपातून जाते. दोष पाण्याचा असेल तर आठही बिग एंड शेल आणि मेनचे शेल कमी-अधिक सारखेच खाल्लेले दिसायला हवेत. एकटा तिसराच बिघडलेला असेल तर कारण तिसऱ्यापाशीच शोधावे लागेल. तिथे जाणारा तेलाचा मार्ग तुंबला असू शकतो. क्रँकमधल्या भोकांत पातळ तार घालून कोणत्या मेनमधून कोणत्या पिनला (क्रँकच्या ज्या भागावर रॉड बसते त्याला) तेल जाते ते आधी पाहून ठेवा. मार्ग मोकळा असेल तर दोष रॉडमध्ये किंवा शेलच्या बसण्यात आहे. शेलची पाठ यासाठी आवर्जून पाहा. पाठीवर घासून चकाकलेले पट्टे किंवा जळलेल्या तेलाचा काळा थर असेल तर शेल आपल्या घरात घट्ट बसलेला नव्हता.

---

म्हापसेकर

आमच्याकडे गोव्यात अजून बऱ्याच घरांत जुन्या फियाट आणि पद्मिनी आहेत, आणि त्यांच्या इंजिनांत मी सर्वांत जास्त नुकसान पाण्याने झालेले पाहिले आहे. अ‍ॅल्युमिनियमचे हेड आणि बिडाचा ब्लॉक एकाच पाण्यात असले आणि ते पाणी विहिरीचे किंवा बोअरवेलचे असले, की झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. हेडच्या तळाशी पाण्याच्या भोकांच्या कडा बोटाने चाचपून पाहा आणि टोकदार सुईने खरवडा. वरून सपाट दिसणारा भाग कधी कधी आतून पांढऱ्या भुकटीसारखा झालेला असतो. तो पॅकिंगच्या गोलाच्या आत पोहोचला असेल तर नुसते घासून भागत नाही. आर्गॉन वेल्डिंगने भरून मग सपाट करावे लागते.

ब्लॉकचे कोअर प्लग (बाजूच्या भोकांवरची पत्र्याची झाकणे) याच वेळी काढा आणि भोकांतून वाकवलेली तार घालून जॅकेटचा, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीचा, तळ उकरा. पंपापासून सर्वांत लांब असलेल्या चौथ्या सिलिंडरभोवती गंजाचा घट्ट चिखल बसतो. पाणी भरपूर दिसते, तापमानाचा काटाही ठीक असतो, पण त्या कोपऱ्यात पाणी फिरतच नाही. आणि घाट उतरल्यानंतरच्या निळ्या धुराचे मूळ व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या व्हॉल्व्ह गाइडमध्ये असावे. पाय काढल्यावर मॅनिफोल्डमध्ये मोठी पोकळी तयार होते आणि ती गाइडमधून तेल ओढते.

---

सातारकर_पद्मिनी

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमानेच काम केले आणि काहीही धुतले नाही. मिस्त्रींनीही मोकळेपणाने साथ दिली. प्रत्येक भागावर चिठ्ठी बांधण्याचे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतले. जे आढळले ते लिहितो.

ड्रेनच्या पहिल्या धारेत थोडे गढूळ पाणी आले, त्यानंतर काळे तेल. चेंबरच्या गाळात चुंबकाला फारसे काही चिकटले नाही, पण कापडावर तांबूस कणी बरीच दिसली. हेडचे मधले दोन नट इतरांच्या मानाने फार सहज सुटले. पॅकिंगच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधल्या पट्टीवरचे पत्र्याचे कडे जळून काळे पडले आहे, आणि तिथून दुसऱ्याच्या बाजूच्या पाण्याच्या भोकापर्यंत एक बारीक वाट धुतली गेली आहे. दुसऱ्या पिस्टनच्या डोक्याचा त्याच बाजूचा चंद्रकोरीएवढा भाग स्वच्छ आहे, बाकी काजळी आहे. पट्टी लांबीने ठेवली असता हेडच्या मध्यावर ०.१२ मिलिमीटरचे पान सरकते. ब्लॉकवर मधल्या दोन स्टडभोवती उंचवटा आहे. तो नखाला लागतो. पाण्याच्या त्या एका भोकाची कड सुईने खरवडल्यावर पांढरी भुकटी निघाली, मात्र ती पॅकिंगच्या गोलाच्या बाहेर थांबली आहे. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हाताने स्पष्ट हलतात, एक्झॉस्टचे जास्त.

रिंगेच्या फटीतला वरचा आणि खालचा फरक पहिल्या सिलिंडरमध्ये ०.३५, दुसऱ्यात ०.३०, तिसऱ्यात ०.४० आणि चौथ्यात ०.३० मिलिमीटर आला. म्हणजे व्यासातली झीज सुमारे ०.१० ते ०.१३ मिलिमीटरपर्यंत जाते.

आता खालचा भाग. नट सोडण्यापूर्वी आकडे वाचले, तेव्हा तिसऱ्या रॉडवर ३ आणि तिच्या कॅपवर २ दिसला. दुसऱ्या रॉडवर २ आणि तिच्या कॅपवर ३. दोघांनी पुन्हा पुन्हा पाहून खात्री केली. तिसऱ्याच्या वरच्या शेलवर जोडाच्या एका कडेजवळ तांबूस पट्टा आहे आणि खालच्या शेलवर तो बरोबर समोरच्या कडेजवळ आहे. दोन्ही शेलच्या मध्यावर मुलामा बऱ्यापैकी शिल्लक आहे. दुसऱ्याचे चित्र तसेच, पण सौम्य. तिसऱ्याच्या शेलच्या पाठीवर चकाकलेले पट्टे आहेत. पहिल्या आणि चौथ्याचे शेल एकसारखे राखाडी असून त्यांवर तुरळक काळे ठिपके आहेत, मेनचेही तसेच. पंपाच्या गिअरमधली फट आणि स्प्रिंग मिस्त्रींनी पाहिली, तिथे आक्षेपार्ह काही नाही. क्रँकच्या भोकांतून तार सगळीकडे मोकळी जाते. मायक्रोमीटरने तिसरी पिन ०.०६ मिलिमीटर लंबगोल निघाली, बाकीच्या ०.०२ च्या आत आहेत. शेलच्या पाठीवर .०२० (इंचात, म्हणजे वीस थाऊ) असा शिक्का आहे.

आता पुढे काय करावे, आणि कॅपा आपापल्या जागी परत लावल्या की रॉड वापरता येतील का, हे सांगावे.

---

निवृत्त_फिटर_पिंपरी

आपण आकडे नट सोडण्यापूर्वी वाचले, म्हणून हे उलगडले. कॅपा एकदा काढून डब्यात पडल्या असत्या तर आपल्याच हातून त्या उलटसुलट झाल्या असाव्यात, असे कोणीही म्हणाले असते.

आपल्या इंजिनात दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध फार थोडा आहे. मागच्या बांधणीत दुसऱ्या आणि तिसऱ्या रॉडच्या कॅपा बदलल्या गेल्या. दोन भोकांच्या अर्धगोलांमध्ये केसभर जरी सरकन राहिली तरी जोडाच्या ठिकाणी एक कड आत येते, तिथे तेलाचा थर तुटतो आणि शेल समोरासमोरच्या दोन कडांवर घासला जातो. आपल्या शेलवर तंतोतंत हेच दिसते. पाण्याचे काम म्हणजे पहिल्या आणि चौथ्याच्या शेलवरचे ते तुरळक ठिपके. त्याहून अधिक नुकसान करण्याइतके पाणी तेलात गेले नव्हते. पॅकिंग बदलून आणि नवे शेल घालून याच कॅपांवर इंजिन बांधले असते, तर टकटक पुन्हा आलीच असती.

रॉडचा निर्णय मापावर ठेवा. प्रत्येक कॅप तिच्या मूळ रॉडवर योग्य बाजूने बसवा, शेल न घालता पूर्ण टॉर्कला कसा आणि भोकाचा व्यास उभा, आडवा आणि तिरपा असा तीन दिशांनी मोजा. तिन्ही मापे मॅन्युअलमधल्या मर्यादेत आली तर रॉड बिनदिक्कत वापरा. तिसऱ्याचा शेल घरात हललेला असल्यामुळे तिचे भोक मोठे झालेले असण्याची शक्यता मी गृहीत धरतो. तसे असेल तर रॉडची आणि कॅपची जोडाची तोंडे किंचित घासून भोक पुन्हा गोल करून घ्यावे लागेल, आणि चारही रॉडचे बोल्ट या निमित्ताने नवीन घालावेत. चारही रॉड वाकलेल्या नाहीत ना, हेही त्याच वेळी तपासून घ्या.

क्रँक ग्राइंडिंगला देण्यापूर्वी चुंबकीय पद्धतीने तडे तपासून घ्या. टकटक करत चाललेल्या पिनेच्या कोपऱ्यातच तडा सुरू होतो. क्रँक निर्दोष निघाला तर वीस थाऊवरून तीस थाऊवर नेता येईल. त्यात व्यासातून पाव मिलिमीटर निघते आणि ०.०६ चा लंबगोलपणा सहज जातो. चारही पिना एकाच मापाच्या कराव्यात. पिनेच्या दोन्ही कडांची गोलाई कायम ठेवण्याविषयी ग्राइंडिंगवाल्याला लेखी सांगा. काम झाल्यावर क्रँकमधल्या तेलमार्गांचे प्लग काढून ब्रशने साफ करवून घ्या, कारण ग्राइंडिंगची भुकटी तिथेच अडकते.

---

उद्यमनगर_कोल्हापूर

वरच्या भागाचे मी सांगतो. ०.१० ते ०.१३ झीज असलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालू नका. रिंग प्रत्येक फेऱ्यात उघडत-मिटत राहते आणि थोड्याच दिवसांत ढिली पडते. वरच्या कडेचा काठ शिल्लक राहिला तर नवी रिंग त्यावर आपटून तुटतेही. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी आता पुसून ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा किती मोठा, याचा) आकडा वाचा. पुढचे ओव्हरसाइज पिस्टन मिळत असतील तर ते आधी हातात घ्या, प्रत्येक पिस्टन मोजा आणि मगच त्या त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या. बोअर आधी केला आणि पिस्टन नंतर शोधले, अशी कामे आमच्याकडे दुरुस्त करायला येतात. पिस्टन मिळालेच नाहीत, तर लाइनर (बोअरमध्ये बसवायची नवी नळी) घालून मूळ ६८ मिलिमीटरवर येण्याचा मार्ग मोकळा आहे.

हेड पॅकिंग जळण्याचे कारण ते दोन उंचवटे आहेत, असे माझे मत आहे. आधी स्टड काढून भोकांच्या तोंडाला हलका चॅम्फर (तिरपी कड) द्या, मग ब्लॉकला पट्टी लावा. बहुधा ब्लॉक घासावा लागणार नाही. हेडमधली ०.१२ ची फट मात्र काढलीच पाहिजे. जितके कमी घासून सपाट होईल तितकेच घासा, कारण जेवढे हेड उतरते तेवढे कॉम्प्रेशन चढते. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट वाढते. हेडची लांबी ४० सेंटिमीटर आणि तापमानातली वाढ ८० अंश धरली तर हेड ब्लॉकपेक्षा जवळजवळ ०.४ मिलिमीटर जास्त लांब होते, म्हणजे दर वेळी इंजिन तापताना ते पॅकिंगवर सरकते. म्हणून कसणी थंड इंजिनावर, मध्यापासून कडेला, तीन टप्प्यांत करा, आणि पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापून थंड झाल्यावर मॅन्युअलप्रमाणे पुन्हा टॉर्क पाहा.

गाइड नवे घातले की सीट पुन्हा कापाव्या लागतात, हे हेडवाल्याला आधीच सांगा. हे काम टाळू नका. म्हापसेकरांनी म्हटल्याप्रमाणे पसरणीतला धूर गाइडचाच आहे आणि बोअर केल्याने तो थांबणार नाही. म्हापशाहून आलेली कोअर प्लगची सूचनाही बोअरिंगच्या आधी अमलात आणा, नंतर ब्लॉकमध्ये गंजाची माती पाडू नका.

इंजिन बांधून झाल्यावर दिव्याच्या भरवशावर न राहता साधा ऑइल प्रेशर गेज जोडा. प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, गेजवर दाब दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरवर थांबत थांबत फिरवा आणि मगच प्लग बसवा. रॉडच्या भोकांची तिन्ही दिशांची मापे आली की इथे टाका. तिसऱ्या रॉडचे काय करायचे ते ती पाहून ठरवू.